आवडलेलं पुस्तक दुसऱ्या अंध वाचकाच्या हाती पोचवायचं कसं

"सध्या काय वाचताय?" असं एका डोळस वाचकाने दुसऱ्याला विचारलं, तर पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव सांगितलं की भागतं. पुढचं दुकानदार बघतो. अंध वाचकाला तेवढंच सांगितलं तर त्याचे प्रश्न तिथूनच सुरू होतात. कुठल्या स्वरूपात आहे? कुठे मिळेल? कोणाच्या आवाजात? मजकूर धड वाचला जातो का? यांची उत्तरं सोबत नसतील, तर मनापासून सांगितलेलं पुस्तकही वर्षभर त्याच्यापर्यंत पोचत नाही. ही उत्तरं शिफारशीतच कशी घालायची, बिघडलेली प्रत कशी ओळखायची आणि आठ-दहा वाचकांचा गट कसा चालवायचा, ते इथे क्रमाने सांगितलं आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच. कानांनी किंवा बोटांनी वाचलेलं पुस्तक हे वाचलेलंच पुस्तक असतं. "वाचलं म्हणजे ऐकलंत ना?" असं कुणी विचारलं तर त्यावर वाद घालत बसू नका. पण कसं वाचलं हे मात्र न चुकता सांगा, कारण समोरच्याला वाट तिथूनच सापडते.

नोंद कशी सांगावी

पुस्तकाचं आणि लेखकाचं पूर्ण नाव सांगून झालं की पुढचा मजकूर साधारण असा असावा:

"कादंबरी. सुगम्य पुस्तकालयातली डेझी प्रत, माणसाच्या आवाजात, एकूण ९ तास १० मिनिटं. वाचणाऱ्या बाईंचा आवाज स्वच्छ आहे, संवाद वेगळे कळतात. दीडपट वेगातही शब्द तुटत नाहीत. प्रकरणांवर उडी मारता येते, पानांवर नाही. चौथ्या प्रकरणात मिनिटभर आवाज अगदी बारीक होतो, तिथे हेडफोन लावा. भाषा सातारकडची, कान बसायला पहिली पंधरा मिनिटं जातात. लहान मुलाचं आजारपण आणि मृत्यू आहे. मी अर्ध्यावर आलोय, शेवट कुणी सांगू नका."

(सुगम्य पुस्तकालय हे दिव्यांग वाचकांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय आहे, आणि डेझी हे प्रकरणांवर उडी मारत वाचता येणाऱ्या पुस्तकांचं स्वरूप.) एवढं बोलायला अर्धा-पाऊण मिनिट लागतं. यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्याच ठेवायच्या: पुस्तक कसं आहे, आवाज कसा आहे, प्रत कशी आहे. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. कंटाळवाण्या आवाजात वाचलेली चांगली कादंबरी "रटाळ आहे" म्हणून बाद होते. उलट एखाद्या कसलेल्या नटाच्या आवाजामुळे सामान्य पुस्तक खूप आवडतं, आणि तेच ब्रेलमध्ये वाचणारा विचारतो की यात एवढं काय होतं. "पुस्तक आवडलं नाही" म्हणण्याआधी दहा मिनिटं दुसऱ्या आवाजात किंवा दुसऱ्या प्रतीत वाचून बघा. निदान "आवाजामुळे सोडलं" असं स्पष्ट सांगा, म्हणजे पुस्तकावर अन्याय होत नाही.

लांबी पानांत सांगून उपयोग नाही, तासांत सांगा. ध्वनिपुस्तक असेल तर वेळ लिहिलेलीच असते. मजकुराची फाइल असेल तर शब्दसंख्येवरून काढता येते. निवांत मानवी वाचन मिनिटाला १३० शब्दांच्या आसपास धरलं, तर ६०,००० शब्दांची कादंबरी सुमारे ७ तास ४० मिनिटांची होते आणि दीडपट वेगाने तीच ५ तास ८ मिनिटांत संपते. यंत्रआवाज, म्हणजे मजकूर वाचून दाखवणारा संगणकाचा किंवा फोनचा आवाज, खूप जलद ऐकायची सवय असलेल्यांनी स्वतःचा वेळ न सांगता हा मूळ वेळच सांगावा. नुकतीच दृष्टी गेलेल्या माणसाला "दोन तासांत संपतं" असं सांगितलं आणि त्याला आठ तास लागले, तर तो खचतो.

माणसाचा आवाज की यंत्राचा

बोलीभाषेतलं लेखन असेल तर माणसाचाच आवाज शोधा. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी संवाद यंत्रआवाज एकाच सुरात, शिवाय चुकीच्या उच्चारांनी वाचतो. मराठीतल्या च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लेखनात तो फरक दिसत नाही. "चार" आणि "चारा" या दोन शब्दांतला च वेगळा आहे हे माणसाला सांगावं लागत नाही. यंत्राला ते प्रत्येक वेळी जमेलच असं नाही. अवतरणचिन्हंही यंत्र सहसा उच्चारत नाही. त्यामुळे "तो म्हणाला", "ती म्हणाली" असे आधार न देता लिहिलेल्या लांब संवादात कोण बोलतंय तेच कळेनासं होतं. नाटक यंत्रआवाजात वाचायचं असेल तर प्रत्येक ओळीआधी पात्राचं नाव असलेलीच प्रत घ्या.

उलट वैचारिक लेखन, इतिहास आणि अभ्यासाची पुस्तकं यंत्रआवाजातच बरी. एखादं नाव कसं लिहिलंय ते अक्षर-अक्षर तपासता येतं, शब्द शोधता येतो, तीच ओळ चारदा ऐकता येते. ध्वनिपुस्तकात यातलं काहीच सोपं नाही. पार्श्वसंगीत घातलेल्या ध्वनिपुस्तकांची माहिती देताना संगीत शब्दांच्या खाली वाजतं की फक्त प्रकरणाच्या शेवटी, ते अवश्य सांगा. शब्दांखालचं संगीत वेग वाढवल्यावर कर्कश होतं, आणि ज्यांना ऐकूही कमी येतं त्यांना मग शब्दच लागत नाहीत.

मराठी यंत्रआवाज आता बरेच मिळतात. एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरसोबत (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) येणारा ईस्पीक हा आवाज मराठी वाचतो. तो यांत्रिक आहे, पण इंटरनेटशिवाय चालतो आणि भरधाव वेगातही शब्द सुटे ठेवतो. मायक्रोसॉफ्ट एज ब्राउझरच्या मोठ्याने वाचण्याच्या सोयीत आरोही आणि मनोहर हे दोन मराठी आवाज आहेत. ते माणसाच्या जवळ जाणारे आहेत, पण त्यांना चालू इंटरनेट लागतं. अँड्रॉइड फोनवर गूगलच्या उच्चारयंत्रणेत मराठीचा आवाज आधी उतरवून ठेवा, नाहीतर प्रवासात नेटवर्क गेलं की वाचन अडखळतं.

सगळं नीट असूनही मराठी पुस्तक हिंदी वळणाने वाचलं जात असेल, तर दोष बहुतेक वेळा फाइलमधल्या भाषेच्या खुणेत असतो. देवनागरी मजकुराला फाइल बनवणाऱ्याने हिंदीची खूण लावलेली असते आणि वाचक-अॅप ती पाळतं. एनव्हीडीएच्या उच्चार-सेटिंगमध्ये आपोआप भाषा बदलण्याचा पर्याय आहे. तो बंद करून मराठी आवाज निवडला की हा त्रास थांबतो. शिफारस करताना "भाषेची खूण चुकलेली आहे" एवढं सांगितलंत तरी पुढच्याची अर्धी संध्याकाळ वाचते.

प्रत तपासणं

मराठीत सगळ्यात जास्त वेळ खाणारी बाब हीच, म्हणून इथे थोडं थांबू.

कुणी पीडीएफ दिली की वाचायला बसण्याआधी एक चाचणी करा. मधल्या एखाद्या पानावरची ओळ निवडा, कॉपी करा आणि संदेश लिहिण्याच्या चौकटीत पेस्ट करून ऐका. तीनपैकी एक काहीतरी होईल.

मराठी शब्द नीट ऐकू आले तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचे सांकेतिक क्रमांक असलेल्या पद्धतीत, आहे. तरीही जोडाक्षरं आणि वेलांट्या कान देऊन ऐका. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार साठवलेले असतात, त्यामुळे कॉपी करताना काना-मात्रा इकडेतिकडे होऊ शकतात. त्याच पुस्तकाची इपब (ई-पुस्तकाची फाइल) मिळत असेल तर पीडीएफच्या नादी लागू नका.

इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हांचा खिचडीसारखा मारा ऐकू आला, तर पुस्तक श्रीलिपी किंवा कृतिदेव यांच्यासारख्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेलं आहे. या फॉन्टमध्ये मराठी अक्षराचं चित्र इंग्रजी अक्षराच्या सांकेतिक क्रमांकावर बसवलेलं असतं. डोळ्यांना ते मराठी दिसतं, स्क्रीन रीडरला मात्र इंग्रजीच सापडतं. फॉन्ट बदलून देणारी साधनं आहेत, पण त्यांत रफार आणि पहिली वेलांटी हमखास घसरतात, कारण जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये नंतर साठवली जाते. "शक्ति"सारख्या जोडाक्षरात ती नेमकी कोणत्या अक्षराची, हे साधनाला ठरवावं लागतं. अशी फाइल सरळ चित्र समजून अक्षरओळख (चित्रातली अक्षरं ओळखून संगणकाने केलेला मजकूर, ओसीआर) करून घेतलेली पुष्कळदा जास्त स्वच्छ निघते.

काहीच निवडलं गेलं नाही, तर ती पानांची नुसती छायाचित्रं आहेत. अक्षरओळख करावीच लागेल.

अक्षरओळखीसाठी स्कॅन ३०० डीपीआयचा, करड्या छटांतला आणि पान सपाट दाबून केलेला हवा. शिवणीकडच्या ओळी वळलेल्या राहिल्या की प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द बिघडतो. फोनने फोटो काढायचे असतील तर पुस्तक टेबलावर सपाट ठेवा आणि उजेड बाजूने घ्या, डोक्यावरच्या दिव्यामुळे फोनची सावली पानावर पडते. फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडली की मराठीची अक्षरओळख होते. संपूर्ण पुस्तक एकदम देऊ नका, दहा-दहा पानांचे तुकडे करा, नाहीतर पुढची पानं गळू शकतात. संगणकावर टेसरॅक्ट हे अक्षरओळखीचं साधन वापरत असाल तर मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा निवडा, कारण मराठी पुस्तकात चार-दोन रोमन शब्द असतातच.

आता चुका. अक्षरओळखीत ध आणि घ, भ आणि म, ब आणि व, थ आणि य, प आणि ष या जोड्या एकमेकींच्या जागी जातात. "घर सोडून गेला" हे "धर सोडून गेला" होतं, "वाट बघितली" हे "बाट बघितली" होतं. स्क्रीन रीडर यातलं काही चुकीचं म्हणून दाखवत नाही. जे आहे ते शांतपणे वाचतो, आणि वाचकाला वाटतं की आपलाच कान चुकला. रफार गळून "कर्म"चं "कम" होतं. अनुस्वार गेल्यावर तर वाक्याचं अनेकवचनच एकवचन होतं.

पानाच्या माथ्यावरचं पुस्तकाचं नाव आणि पृष्ठक्रमांक हाही एक छळ आहे. दर दीड-दोन मिनिटांनी वाक्य तोडून मध्येच पुस्तकाचं नाव ऐकू येतं. त्यावर सोपा उपाय: शोधा-बदला वापरून माथ्यावरच्या ओळीच्या जागी काहीच ठेवू नका. ओळीच्या शेवटी संयोगचिन्हाने तोडलेले शब्दही असेच सांधा. प्रत्येक ओळीनंतर आवाज अडखळत असेल तर ओळतोडी परिच्छेदखूण म्हणून साठवल्या गेल्यात असं समजा. त्या काढायला तीन पायऱ्या लागतात. आधी दोन सलग परिच्छेदखुणांच्या जागी पुस्तकात कुठेच न आलेलं एखादं चिन्ह ठेवा, मग उरलेल्या प्रत्येक परिच्छेदखुणेच्या जागी एक मोकळी जागा द्या, शेवटी त्या चिन्हाच्या जागी परिच्छेदखूण परत आणा. पहिली पायरी गाळलीत तर सगळं पुस्तक एकाच परिच्छेदात गोळा होतं. कवितांना हा उपाय मुळीच लावू नका, कारण तिथे ओळतोड हाच मजकुराचा भाग आहे. ओवी आणि अभंग एका दमात वाचले जाऊ लागले की त्यांची लयच मोडते.

प्रत चांगली की वाईट हे ठरवायला सगळं पुस्तक ऐकावं लागत नाही. सुरुवातीचं, मधलं आणि शेवटाकडचं अशी तीन पानं ऐका आणि चुका मोजा. पानात दोन-तीन असतील तर कादंबरी आनंदाने वाचता येते. पाचाच्या वर गेल्या तर "प्रत दुरुस्त करायला हवी" असं सांगूनच पुढे द्या. अभ्यासाच्या पुस्तकात निकष याहून कडक हवा, तिथे एक चुकलेलं सालही महागात पडतं. तळटीपा कुठे वाचल्या जातात, तक्ते आणि नकाशे यांचं वर्णन दिलंय की नुसतं "चित्र" म्हणून सोडलंय, हेही इतिहासाच्या आणि भूगोलाच्या पुस्तकांबाबत सांगायला हवं.

नाव असं लिहा की शोधल्यावर सापडेल

शिफारस आवाजी संदेशात करणं सोपं जातं, पण आवाजी संदेश नंतर शब्दाने शोधता येत नाही. म्हणून आधी एका ओळीत पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव टाइप करा, मग हवं तेवढं बोला. मुखपृष्ठाचा फोटो पाठवून "हे वाचा" म्हणणं तर टाळाच.

टाइप करतानाही फरक पडतो. आद्याक्षरांनी ओळखले जाणारे लेखक एका सूचीत टिंब आणि मोकळ्या जागेसह असतात, दुसऱ्या सूचीत टिंबाशिवाय, तिसरीत पूर्ण नावाने. म्हणून आडनाव आणि पुस्तकाच्या नावातला एखादा ठळक शब्द एवढंच टाकून शोधावं. "कुलकर्णी" आणि "कुळकर्णी" दोन्ही टाकून पाहा. सूची रोमन लिपीत असेल तर व साठी दोन वेगळी रोमन अक्षरं वापरलेली आढळतात, तीही दोन्ही तपासा.

"दुसऱ्या", "वऱ्हाड", "तऱ्हा" यांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी साठवता येतो. कानाला दोन्ही सारखेच, पडद्यावरही सारखेच, पण शोधयंत्राच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. नावात असा र असेल आणि पुस्तक सापडत नसेल, तर तो शब्द सोडून उरलेल्या नावाने शोधा. पुस्तक तिथेच असतं.

मिळतं कुठे

सुगम्य पुस्तकालय २४ ऑगस्ट २०१६ रोजी सुरू झालं. केंद्र सरकारचा दिव्यांगजन सक्षमीकरण विभाग आणि डेझी फोरम ऑफ इंडिया यांचा हा उपक्रम आहे. नोंदणी करताना जवळची सदस्य संस्था निवडायची आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र द्यायचं. भाषेत मराठी निवडून चाळायला सुरुवात करा. बुकशेअर या ऑनलाइन ग्रंथालयातही मराठी पुस्तकं आहेत. स्टोरीटेल हे अॅप भारतात नोव्हेंबर २०१७ मध्ये आलं तेव्हापासून त्यात मराठी आहे, आणि व्यावसायिक मराठी ध्वनिपुस्तकांचा मोठा साठा तिथे सापडतो. वर्गणी पैसे देऊन घ्यावी लागते, म्हणून "फक्त वर्गणीदारांना" असं नोंदीत लिहा.

विकिस्रोत हे मोफत ऑनलाइन ग्रंथालय मात्र पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं झाली की लेखन सर्वांसाठी खुलं होतं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून खुलं आहे. विकिस्रोतावर असं लेखन युनिकोडमध्ये असतं आणि इपब म्हणून उतरवून घेता येतं, म्हणजे फॉन्टची भानगडच उरत नाही. इपब वाचायला संगणकावर थोरियम रीडर मोफत आहे आणि तो स्क्रीन रीडरसोबत चांगला चालतो.

फाइल द्यावी की न द्यावी

पुस्तकांच्या गप्पांत "मला पाठव ना" हे येणारच. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये एक तरतूद आली. दिव्यांग व्यक्तीला वाचता यावं म्हणून पुस्तकाची सुगम प्रत करणं, आणि ती दुसऱ्या दिव्यांग व्यक्तीला खासगी वापरासाठी, शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी देणं, याला तिच्यात मुभा आहे. अट अशी की नफा घ्यायचा नाही आणि प्रत दिव्यांग व्यक्तींपुरतीच राहिली पाहिजे. ही अट व्यवहारात मोडते ती गटात. मदतीला म्हणून जोडलेले डोळस मित्र, नातेवाईक, शिक्षक गटात असतात, आणि तिथे टाकलेली फाइल त्यांच्याही फोनमध्ये उतरते. म्हणून गटात फक्त नोंद टाका, प्रत द्यायची असेल तर त्या वाचकाला वेगळी पाठवा. ग्रंथालयातून घेतलेल्या प्रतीला त्या ग्रंथालयाचे नियम लागू असतात, ते आधी वाचा. वर्गणीच्या अॅपमधलं ध्वनिपुस्तक रेकॉर्ड करून फिरवणं मुळीच नको. प्रकाशकांना मराठी ध्वनिपुस्तकं काढावीशी वाटली पाहिजेत, आणि त्यांचे पहिले ग्राहक आपणच आहोत.

परदेशातल्या मराठी वाचकांसाठी माराकेश करार कामाचा आहे. तो २७ जून २०१३ रोजी झाला, भारताने २०१४ मध्ये सर्वांत आधी त्याला मान्यता दिली, ३० सप्टेंबर २०१६ पासून तो अंमलात आला. अमेरिकेत तो ८ मे २०१९ पासून लागू आहे. या करारामुळे अधिकृत संस्था सुगम प्रती देशाबाहेर पाठवू शकतात. न्यू जर्सीतल्या वाचकाने तिथल्या ग्रंथालयाला विचारताना या कराराचं नाव घ्यावं.

ब्रेलमधलं पुस्तक सांगताना

भारती ब्रेलमध्ये काना, मात्रा, वेलांटी यांना स्वतंत्र घर (सहा टिंबांची एक जागा) लागतं, जोडाक्षरात आधी चौथ्या टिंबाचं हलन्त चिन्ह येतं. त्यामुळे जागा जास्त जाते. सरासरी शब्द, त्यापुढची मोकळी जागा धरून, सात घरांचा मानला तर ६०,००० शब्दांना सव्वाचार लाखांच्या आसपास घरं लागतात. ४० घरांच्या २५ ओळींच्या पानावर प्रत्यक्षात ८०० घरं वापरली जातात असं धरलं तर सव्वापाचशे पानं झाली. दोन्ही बाजूंनी छापलं तरी २६० च्या वर कागद, म्हणजे साठ-साठ कागदांचे पाच खंड. म्हणून ब्रेल पुस्तकाची शिफारस करताना एकूण खंड किती आणि आपल्याकडे त्यातले किती, हे आधी सांगा. चौथा खंड हरवलाय हे तिसरा संपल्यावर कळणं फार जिव्हारी लागतं.

खंड आडवे रचू नका आणि दोरीने करकचून बांधू नका, टिंबं चेपतात आणि बोटाला पुसट लागतात. उभे ठेवा, थोडे सैल ठेवा. कोकणातल्या पावसाळ्यात दमट कागदावर टिंबं बसतात, तेव्हा कपाट भिंतीपासून हातभर दूर हवं. ब्रेल साहित्य साध्या टपालाने विनामूल्य जातं. पाकीट ७ किलोपर्यंत असावं, आतलं तपासता येईल असं बांधावं आणि वर "अंधांसाठी साहित्य" असं ठळक लिहावं. खिडकीवरच्या माणसाला ही सवलत ठाऊक नसेल तर शांतपणे पोस्टमास्तरांना विचारा. वर्गणी लावून वाचायचं असेल तर "स्पर्शज्ञान" हे मराठी ब्रेल पाक्षिक २००८ पासून निघतंय. त्यातला एखादा लेख आवडला तर अंकाची तारीख सांगा, म्हणजे जुन्या अंकांच्या गठ्ठ्यातून तो काढता येतो.

ब्रेल डिस्प्लेवर (टिंबं वर-खाली करून मजकूर बोटाखाली उमटवणारं यंत्र) वाचणाऱ्याला फाइल देताना ती कुठल्या ब्रेल तक्त्याने, म्हणजे कुठल्या भाषेच्या अक्षर-टिंब यादीने, बनवली ते लिहा. मराठी तक्त्याऐवजी इंग्रजी तक्ता लागला की बोटाखाली अर्थहीन टिंबं येतात आणि वाचकाला यंत्र बिघडल्यासारखं वाटतं. बीआरएफ, म्हणजे ब्रेलमध्ये रूपांतर केलेली फाइल, यंत्रआवाजाला देऊ नका, ती फक्त बोटांसाठी असते.

गट चालवताना

संदेशांचा गट आणि महिन्याची एक बैठक, असं दोन्ही ठेवा. गटात एका संदेशात एकच पुस्तक. चार पुस्तकं एका दमात सांगितली की एकही लक्षात राहत नाही. इमोजी आवरा. पाच लाल हृदयं टाकली की अँड्रॉइड फोनवरचा स्क्रीन रीडर टॉकबॅक त्यांची नावं वाचत बसतो आणि मजकूर मागे राहतो. "धन्यवाद", "छान" यांसाठी संदेशालाच प्रतिक्रिया द्या, नवा संदेश नको.

बैठकीला आठ-दहा जण पुरेत. प्रत्येकाला चार मिनिटं. डोळस बैठकीत नजरेने पाळी ठरते, इथे ती आधीच ठरवावी लागते: आडनावाच्या अक्षरक्रमाने जा, आणि पुढच्या महिन्यात उलट क्रमाने, म्हणजे "ह" वाल्यांना दरवेळी घाईत उरकावं लागणार नाही. बोलण्याआधी स्वतःचं नाव, बोलून झाल्यावर "झालं". एवढी शिस्त पाळली की एकावर एक बोलणं थांबतं. झूमवर संगणकावरून ऑल्ट आणि ए दाबून माइक बंद-चालू होतो, ऑल्ट आणि वाय दाबून हात वर होतो. साध्या फोनवरून क्रमांक लावून आलेल्यांसाठी तारांकित ६ आणि तारांकित ९ ही तीच कामं करतात. की-पॅडचा फोन वापरणारी ज्येष्ठ मंडळी गटात असतात आणि त्यांचं वाचन पुष्कळदा सगळ्यांत दांडगं असतं. त्यांना तोडू नका. त्यांची नोंद फोनवर ऐकून कुणीतरी टाइप करावी. गटात बधिरांध वाचक असेल तर बैठकीचा लेखी सारांश त्याच दिवशी द्यायचा, कारण ध्वनिमुद्रण त्याच्या कामाचं नाही.

एखादं पुस्तक सगळे मिळून वाचत असतील तर ठिकाण कसं सांगायचं हे आधी ठरवा. पृष्ठक्रमांक फक्त छापील पुस्तकात आणि काही डेझी प्रतींत असतो. ध्वनिपुस्तकात तास-मिनिटं असतात, पण यंत्रआवाजवाल्याला त्यांचा उपयोग नाही. सगळ्यांना चालणारी खूण म्हणजे प्रकरण आणि त्या परिच्छेदाचे पहिले चार शब्द. मजकूरवाला ते शोधतो, ब्रेलवाला परिच्छेदाच्या सुरुवाती चाचपत जातो, ध्वनिवाला प्रकरणावर उडी मारून पुढे सरकतो. "श्यामची आई" वाचताना तर काम आणखी सोपं होतं. त्यात प्रकरणं रात्रींनी मोजलेली आहेत, म्हणून "रात्र पहिली" म्हटलं की कुठल्याही प्रतीत प्रत्येकजण त्याच जागी पोचतो.

नोंदींची यादी साध्या वर्ड फाइलमध्ये ठेवा, प्रत्येक पुस्तकाचं नाव शीर्षक-शैलीत. एनव्हीडीए-की (सहसा इन्सर्ट) आणि स्पेस दाबून ब्राउझ स्थितीत गेलं की एच दाबत एकेका पुस्तकावर जाता येतं. एक्सेलचे रकाने दिसायला नेटके असतात, पण नव्या वापरकर्त्याला आठव्या रकान्यात पोचेपर्यंत पुस्तकाचं नावच विसरायला होतं. प्रत्येक नोंदीखाली महिना आणि वर्ष लिहा. दुवे तुटतात, अॅपमधली पुस्तकं काढली जातात, सूचीत दुरुस्त प्रत येते. सहा महिन्यांनी कुणीतरी एकाने यादीतल्या दहा नोंदी उघडून बघाव्यात, आणि ज्या चालत नाहीत त्यांच्यापुढे "आता इथे नाही" असं लिहावं. नोंद पुसू नये, कारण तेच पुस्तक उद्या दुसऱ्या स्वरूपात मिळालं तर आधीच्या वाचकाने त्याविषयी लिहिलेलं तिथे असायला हवं.